कायमचे वळवलेले पत्ते

शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास मी ती ओळ लिहिली. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. त्यानंतर कितीतरी दिवस मला एका जागी धड बसता आलं नाही.

आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये होतं. तिसऱ्या मजल्यावरचा एक गाळा, सात माणसं, आणि खाली पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना. त्यांचं कटिंग मशीन चालू असलं की आमच्या टेबलांना बारीक कंप यायचा. नवीन माणसाला तो आठवडाभर जाणवायचा, मग नाही. मी तिथे सहा वर्षं होते. वर्तकनगरहून रिक्षाने दहा मिनिटं, सिग्नल लागला तर पंधरा. आम्ही लहान संस्थांच्या वेबसाइट बनवायचो, म्हणजे शाळा, वाचनालयं, दवाखाने.

त्या वेळचं काम कल्याणच्या एका डायलिसिस केंद्राचं होतं. एक ट्रस्ट ते चालवायचा. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागतं. खेप चुकली की अंगात पाणी साठत जातं. केंद्रात साठेक पेशंट होते आणि मशीनं त्या मानाने कमी, त्यामुळे वेळा दर आठवड्याला मागेपुढे व्हायच्या. म्हणून प्रत्येक पेशंटला वेबसाइटवर स्वतःचं एक पान होतं. त्यावर नाव, या आठवड्यातले वार, वेळ, खुर्चीचा नंबर, आणि खाली एक मोठं हिरवं बटण: ‘येणार’. आदल्या संध्याकाळपर्यंत ते दाबलं नाही तर ती खुर्ची प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या कुणाला दिली जायची.

जुनी साइट कुणी तरी वेगळ्याच माणसाने बनवलेली होती. नवीन आम्ही बनवली, आणि त्यात पेशंटच्या पानांचे पत्ते बदलले. आधी पत्त्यात नुसता नंबर होता, आता सगळं नीटनेटकं झालं होतं. साइट संध्याकाळी सुरू करायची होती आणि दुपारी माझ्या लक्षात आलं की जुन्या पत्त्यांचं काय करायचं हे आम्ही ठरवलंच नाही.

आमच्या सरांना विचारलं. सर म्हणजे ऑफिसचे मालक, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, एकेकाळी स्वतः उत्तम कोड लिहिणारे. ते फोनवर बोलत होते. फोन छातीशी धरून म्हणाले, “जुनं जे काही येईल ते सगळं होमपेजला ढकल. परमनंट टाक. सर्च इंजिनला तेच बरं पडतं.”

वेब ॲप्लिकेशनमध्ये एक फाइल असते. कुणी अमुक पत्ता मागितला तर तमुक पान द्यायचं, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. पान हललं असेल तर तिथेच सांगून ठेवायचं की या पत्त्यावर कुणी आलं तर त्याला त्या पत्त्यावर पाठवा. याला आम्ही रीडायरेक्ट म्हणतो. ते तात्पुरतं असतं किंवा कायमचं. तात्पुरतं असलं की फोनमधला ब्राउझर दर वेळी जुन्या पत्त्यावर येऊन विचारतो, अजून तिकडेच जायचं ना? कायमचं असलं की तो एकदा ऐकतो आणि मनात ठेवतो. पुढच्या वेळी जुन्या पत्त्याकडे फिरकतच नाही, थेट नव्या जागी जातो.

हा फरक मला पाठ होता. मुलाखतीला येणाऱ्या मुलामुलींना मी तो विचारायचे. तरी मी ती ओळ लिहिली: जुना कुठलाही पत्ता आला तर होमपेज, कायमचं. लाइव्ह केल्यावर लॅपटॉपवर जुना एक पत्ता टाकून बघितला. होमपेज उघडलं. वर ट्रस्टचं नाव, ‘आपलं स्वागत आहे’ आणि ‘नवीन रुग्ण नोंदणी’ असा फॉर्म. एरर कुठेच नव्हता. एरर नाही म्हणजे ठीक आहे, असं मी समजले आणि पर्स उचलली.

शनिवार-रविवार मी डोंबिवलीला आईकडे होते. मावसबहिणीचा साखरपुडा होता. मधे एकदा फोनवर साइटचा आतला भाग उघडून पाहिला तर नवीन नोंदण्या दिसल्या. आधी पाच, मग आठ, मग अकरा. मी खूश झाले. आईला म्हटलंसुद्धा, “बघ, दोन दिवसांत अकरा लोकांनी नावं नोंदवली.” आई हातातली फुलं निवडत म्हणाली, “एवढ्या लोकांना हा आजार आहे? वाईटच की गं.” मला तेव्हा ते बोलणं जरा लागलं होतं, पण त्या अकरा नावांकडे मी नीट पाहिलं मात्र नाही.

सोमवारी सकाळी दहा वाजता केंद्राच्या मॅडमचा फोन आला. या मॅडम आयुष्यभर सरकारी इस्पितळात नर्स होत्या आणि निवृत्तीनंतर केंद्राचं सगळं बघायच्या. पेशंट त्यांना सिस्टरच म्हणत. आवाज कधी चढायचा नाही. त्या दिवशीही चढला नव्हता.

“अगं, तुमची नवीन साइट माझ्या लोकांना ओळखत नाहीये,” त्या म्हणाल्या. “शनिवारी सात जणांनी येणार म्हणून कळवलंच नाही. मी फोन करकरून पाच जणांना बोलावलं. एकीला तिच्या मुलाने दुसऱ्या हॉस्पिटलला नेलं. एक गृहस्थ फोनच उचलत नाहीत. आणि प्रतीक्षायादीत ही नवीन माणसं कोण? ही तर माझीच माणसं आहेत.”

मी ती अकरा नावं उघडली. खरंच, जुनीच माणसं होती. होमपेजवर पोचल्यावर त्यांना वाटलं असावं की पुन्हा नाव नोंदवायचंय. त्यांनी फॉर्म भरला आणि रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. चार नावं तर दोनदा होती, कारण फॉर्म पाठवल्यावर पान तिथेच राहत होतं आणि लोक पुन्हा ताजं करून बघत होते. फॉर्म स्वीकारला की माणसाला लगेच दुसऱ्या पानावर पाठवायचं असतं, म्हणजे तो दोनदा जात नाही. तेही मी केलं नव्हतं.

ओळ काढायला वेळ लागला नाही. जुन्या पत्त्यातला नंबर उचलायचा आणि त्याच माणसाच्या नव्या पानावर पाठवायचं, तात्पुरतं म्हणून. शुक्रवारीही हे करायला दहाच मिनिटं लागली असती. पुन्हा लाइव्ह केलं, मॅडमना फोन करून म्हटलं, “झालं. आता सगळ्यांना आपापलं पान दिसेल.”

“नक्की ना?”

“नक्की.”

फोन ठेवल्यावर मी सहज माझ्या फोनवर तपासायला गेले. याच फोनवरून शुक्रवारी घरी जाताना रिक्षात मी एक जुना पत्ता उघडून पाहिला होता. तोच पुन्हा उघडला. होमपेज आलं. पुन्हा दाबलं. होमपेज. सर्व्हरची नोंद पाहिली तर माझ्या फोनने जुना पत्ता मागितलेलाच नव्हता. कसा मागणार? शुक्रवारी मीच त्याला कायमचं सांगून ठेवलं होतं.

ज्यांनी शुक्रवार ते सोमवार आपलं पान उघडलं नव्हतं ते सगळे सुटले होते. अडकले होते ते, ज्यांनी उघडलं होतं. म्हणजे जे आपली वेळ चुकू नये म्हणून रोज दोनदा-तीनदा बघत होते, नेमके तेच. त्यांच्या फोनपर्यंत माझा हात पोचत नव्हता. ते फोन आता मला काही विचारायलाच येणार नव्हते.

खरं सांगायचं तर मी मॅडमना लगेच फोन केला नाही. उठले, गच्चीत गेले, परत आले. पाणी प्यायले. शेजारची मुलगी म्हणाली, “काय झालं, किती फिरतेयस?” मी म्हटलं, “काही नाही.” एका वेबसाइटवर सापडलेली एक युक्ती करून पाहिली. होमपेज उघडलं की ब्राउझरला जुनं सगळं विसरायला लावायचं. माझ्या फोनवर ती चालली. ऑफिसच्या कपाटातल्या जुन्या फोनवर चालली नाही. आणि कल्याणच्या त्या पेशंटांकडे कुठले फोन असतील याचा अंदाज मला होता. मुलांनी वापरून टाकलेले, काच तडकलेले.

सरांना सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “सगळ्यांना एसएमएस टाक. नवीन लिंक दे. विषय संपला.”

एसएमएस गेले. संध्याकाळपर्यंत मोजून नऊ जणांनी लिंक दाबली. मग मीच मॅडमना फोन केला आणि सकाळी नक्की म्हणाले होते ते नक्की नव्हतं, हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “लिंक कोण दाबणार गं? मीच त्यांना वर्षभर सांगतेय, अनोळखी लिंक दाबू नका, फसवणूक होते. दारावर पोस्टर लावलंय तसं.”

“मग मी येते उद्या.”

“येऊन काय करशील?”

“एकेकाचा फोन हातात घेऊन नीट करीन.”

सर यावर खूश नव्हते. मंगळवारी सकाळी मी फोन करून सांगितलं तेव्हा म्हणाले, “आपलं काम ऑफिसात बसून होतं. आणि तिकडे जाऊन आपली चूक, आपली चूक असं करत बसू नकोस. ब्राउझरचा प्रॉब्लेम आहे म्हणायचं. खोटं नाही ते.”

मी हो म्हटलं आणि खोपटला जाऊन कल्याणची एसटी पकडली. भिवंडीच्या अलीकडे मेट्रोच्या खांबांमध्ये गाडी अडकली ती अडकलीच. खिडकीतून एकच खांब वीस मिनिटं दिसत होता. मी पेशंटांची यादी काढून पुन्हा पुन्हा मोजत होते. कोण मंगळवारचं, कोण बुधवारचं. शेजारच्या बाई म्हणाल्या, “ताई, जरा नीट बसा ना.” माझा गुडघा त्यांना सारखा लागत होता. दुर्गाडीचा पूल आला तसं मला बसवेना. पूल संपल्यावर गाडी पुन्हा उभी राहिली, तेव्हा कंडक्टरला सांगून मी उतरले आणि उरलेलं अंतर चालत गेले. चालत गेल्याने लवकर पोचले असं नाही. पण हलत होते, एवढंच.

केंद्रात शिरल्यावर पहिल्यांदा मला ते लोक दिसले. सहा महिने मी त्यांच्यासाठी काम करत होते आणि माझ्याकडे ते नंबर होते. इथे माणसं आरामखुर्च्यांवर आडवी पडलेली, हातातून रक्ताच्या नळ्या मशीनकडे गेलेल्या, कुणी डोळे मिटून, कुणी भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत. एसी इतका की सगळ्यांच्या अंगावर चादरी. मॅडमनी मला एक प्लास्टिकचं स्टूल दिलं आणि मोठ्याने सांगितलं, “या ताईंनी आपली साइट बनवलीय. फोन त्यांच्याकडे द्या, त्या ठीक करून देतील.”

मी पहिल्या खुर्चीशी बसले. बाईंचा फोन त्यांच्या उशीखाली होता. त्यावर पहिल्याच स्क्रीनवर एक निळा थेंब होता. “हाच दाबते मी,” त्या म्हणाल्या. “आधी माझं नाव यायचं.” तेव्हा मला कळलं की जुन्या पत्त्याचं चिन्ह स्वयंसेवकांनी सगळ्यांच्या फोनवर असं लावून दिलं होतं. त्यांना पत्ता, लिंक, साइट काही माहीत नव्हतं. थेंबावर बोट ठेवलं की आपलं नाव येतं, एवढंच माहीत होतं.

एकेक फोन घेऊन मी ब्राउझरची साठवण पुसत होते, थेंब दाबून नाव येतंय ना ते बघत होते, मग माणसाला स्वतःला दाबायला लावत होते. एका हाताला सुई, त्यामुळे दुसऱ्या हाताने. काही जणांना फोनचा पासवर्ड आठवत नव्हता. एका रिटायर्ड मास्तरांनी फोन द्यायला स्वच्छ नकार दिला. म्हणाले, “आपण कोण, आपलं ओळखपत्र?” ऑफिसचं कार्ड दाखवलं तर ते चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं आणि मगच फोन दिला, तोही स्वतःच्या हातात धरून, मी सांगीन ते त्यांनी दाबायचं या अटीवर. मला त्यांचा राग आला नाही. सगळ्यांनी असंच वागायला हवं होतं, पण बाकीच्यांनी इतक्या विश्वासाने फोन पुढे केले की मला मान वर करवेना.

“काय बिघडलं होतं?” एका तरुण पेशंटने विचारलं. तो माझ्याच वयाचा असेल.

ब्राउझरचा प्रॉब्लेम, हे शब्द तोंडाशी आले होते. मी म्हटलं, “जुना पत्ता कुठे वळवायचा ते मी चुकीचं लिहिलं.”

“मग बरोबर,” तो म्हणाला. “मला वाटलं फोन गेला.” आणि डोळे मिटले.

साडेबाराला मॅडम माझ्याजवळ आल्या. “ते गृहस्थ आजही आले नाहीत,” त्या म्हणाल्या. “शनिवार गेला, आज मंगळवार. गुरुवारी शेवटचं झालंय त्यांचं. घरी जायला हवं. तू येतेस?”

मी स्टूल सरकवून उठले. रिक्षात त्यांनी सांगितलं. ते गृहस्थ, ज्यांना केंद्रात सगळे काका म्हणत, डोंबिवलीच्या पलीकडच्या एका गावातले. एकेकाळी भातशेती होती, आता त्याच जमिनीवर सोसायट्या उभ्या आहेत आणि त्यातल्याच एका बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर काका राहतात. बायको वारलेली. मुलगा दुबईला, सून बाळंतपणासाठी माहेरी. “ताठ माणूस आहे,” मॅडम म्हणाल्या. “गेल्या गुरुवारी आमचं जरा वाजलं. दोन खेपांच्या मधे साडेचार किलो वजन वाढवून आले, सगळं पाणीच. विचारलं तर म्हणतात कलिंगड खाल्लं. मी चार लोकांत बोलले. असंच करणार असाल तर खुर्ची दुसऱ्याला देते म्हटलं.” मग त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. “बोलतेच मी तसं. सगळ्यांना बोलते.”

शिळफाट्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. मी रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, दुसरा रस्ता नाही का. तो म्हणाला, “मॅडम, उडून जाऊ का?” मॅडमनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं धीर देतायत. पण मी सारखा पाय हलवत होते, तो थांबवायला ठेवला होता.

दार उघडंच होतं. काका आत पलंगावर पाय सोडून बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर रोवून, पुढे वाकून. आडवं झालं की श्वास लागत होता म्हणून ते बसून होते. कधीपासून ते त्यांनाही सांगता आलं नाही. पाय घोट्याशी सुजून चकचकीत झाले होते. चेहरा फुगलेला. मॅडमनी आधी नाडी बघितली, मग पायावर अंगठा दाबला, आणि खड्डा किती वेळ राहतो ते बघत राहिल्या.

“फोन का नाही उचलला, काका?”

त्यांनी श्वास घेतला. एकेक शब्द तोडून बोलत होते. “कशाला उचलू? माजा नाव काढलाव ना तुमी.”

“कुणी सांगितलं?”

त्यांनी शेजारी पडलेल्या फोनकडे बोट केलं. “सांगाला कशाला पायजे? शुक्रवारी दाबला, नाव नाय. लिवलंय, नवीन नोंदनी करा. शनिवारी दाबला, तसाच. मना समजला. कलिंगर खाल्ला म्हनून.” पुन्हा श्वास. “आता मी काय हात जोडून येऊ?”

मॅडमचा अंगठा त्यांच्या पायावरच राहिला. मी दारातच उभी होते. मला दोघांच्या मधे जायचं नव्हतं, पण तिथे उभंही राहवेना. मी पुढे जाऊन पलंगाजवळ खाली बसले.

“काका, नाव कुणी नाही काढलं. ती साइट मी बनवलीय. जुन्या पानावरून तुमच्या नव्या पानावर पाठवायचं होतं. मी सगळ्यांना बाहेरच्या पानावर पाठवलं. चूक माझी आहे, सिस्टरांची नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “सगल्यांना?”

“सगळ्यांना.”

“म्हंजे माजा नाव हुता?”

“होतं. एक दिवसही निघालं नव्हतं.”

त्यांनी मान खाली घातली. रडले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “मंग शर्ट दे तो.” खुंटीवर शर्ट होता, तो मी दिला.

ॲम्ब्युलन्सला फोन केला तर पोचायला चाळीस मिनिटं सांगितली. समोरच्या फ्लॅटमधले एक गृहस्थ आपली गाडी घेऊन आले. त्यांनीही काकांना दोन दिवस पाहिलं नव्हतं आणि नातेवाइकांकडे गेले असतील असं समजले होते. गाडीत काका मागे बसले, मॅडम त्यांना धरून, खिडक्या सगळ्या उघड्या. मी पुढे. वाटेत मॅडमनी डॉक्टरांना आणि केंद्राला फोन करून मशीन मोकळं ठेवायला सांगितलं. पत्रीपुलाशी गाडी रेंगाळली तेव्हा मागून काकांचा श्वास ऐकू येत होता, बारीक शिट्टीसारखा. मी मागे वळून बघितलं नाही. मी समोरच्या गाडीचा नंबर वाचत होते, उलटा, सुलटा, आकड्यांची बेरीज करून. त्या प्रवासातलं मला तेवढंच नीट आठवतं.

त्यांना मशीनवर घेतलं तेव्हा दोन वाजून गेले होते. तोंडावर ऑक्सिजन, डॉक्टर शेजारी उभे. मी बाहेरच्या बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. मॅडम बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. आयुष्यभर त्यांनी मरणं पाहिली असतील, पण हे वेगळं होतं.

“मी तसं बोलले नसते,” त्या म्हणाल्या, “तर त्यांना वाटलं नसतं.”

“मी ती ओळ लिहिली नसती तर तुमचं बोलणं बोलण्यापुरतंच राहिलं असतं.”

कुणाचा वाटा किती, हे ठरवण्यात अर्थ नव्हता.

दीड तासाने काका आडवे झाले. आडवं होता येणं म्हणजे पाणी उतरतंय, हे मला तिथल्या एका टेक्निशियनने सांगितलं. संध्याकाळी मी आत गेले तेव्हा ते डोळे उघडे ठेवून पडले होते. मी त्यांचा फोन नीट करून दाखवला. त्यांनी थेंबावर बोट ठेवलं, नाव आलं. ते नाव त्यांनी मोठ्याने वाचलं, आडनावासकट. मग फोन छातीवर पालथा ठेवून म्हणाले, “तू कुठली गं?”

“ठाण्याची. आई डोंबिवलीला असते.”

“जेवलीस?”

मी जेवले नव्हते. त्यांनी मॅडमना हाक मारून मला चहा द्यायला लावला.

बुधवारी आणि गुरुवारी मी पुन्हा गेले, उरलेले फोन नीट करायला. सरांना मी सगळं सांगितलं होतं, काकांचंही. मला वाटलं आता ट्रस्टला काय सांगितलंस म्हणून विचारतील. ते म्हणाले, “परमनंट टाक असं मीच म्हणालो होतो ना?” मी हो म्हटलं. “मग ट्रस्टच्या मीटिंगला मी येतो,” ते म्हणाले. ते आले, आणि तिथे ब्राउझरचं नाव काढलं नाही. ट्रस्टने काम आमच्याकडेच ठेवलं. का ठेवलं ते मला कळलेलं नाही. मॅडम बोलल्या असाव्यात.

होमपेजवर मी सगळ्यात वर एक मोठी चौकट टाकली: ‘आधीपासून येत असाल तर तुमचा नंबर लिहा.’ नोंदणीचा फॉर्म खाली, वेगळ्या पानावर नेला. आणि स्वागत आहे हे काढून टाकलं.

त्यानंतर मी बऱ्याच साइट हलवल्या. आता जुन्या पत्त्यांची यादी आधी काढते आणि प्रत्येकासमोर तो कुठे जाणार ते हाताने लिहिते. दोनशे असले तरी. ज्याचं नवीन पान सापडत नाही त्याला होमपेजवर ढकलत नाही. ते पान आता नाही, असं सरळ सांगते. कायमचं हा शब्द महिनाभर तात्पुरत्यावर सगळं सुरळीत चाललं की मगच. ऑफिसातली पोरं कंटाळतात. एकजण म्हणाला, “दीदी, एक लाइन का काम है.” मी त्याला म्हटलं, “हो, एकाच ओळीचं आहे.” आणि यादी पुढे केली. पण तरीही साइट सुरू केली की दोन-तीन दिवस मला चैन पडत नाही. जेवताना उठते, कुणाच्या तरी जुन्या फोनवर उघडून बघते. नवीन नोंदण्या वाढलेल्या दिसल्या की आधी एकेक नाव वाचते.

काका त्यानंतर दोन वर्षं केंद्रात येत होते. मी महिन्या-दोन महिन्यांनी कामासाठी जायचे तेव्हा दिसायचे. पुढे दुबईहून परतलेल्या मुलाने त्यांना दुसऱ्या शहरात नेलं, तिथल्या केंद्रात नाव घातलं, एवढं मॅडमकडून कळलं.

त्या अडकलेल्या फोनांपैकी एकच शेवटपर्यंत मला नीट करता आला नाही. उल्हासनगरहून येणाऱ्या एक आजी होत्या. त्यांच्या फोनचा पडदा वरच्या कोपऱ्यात चालत नव्हता, त्यामुळे साठवण पुसायच्या बटणापर्यंत बोटच पोचायचं नाही. मी तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा स्टूल घेऊन बसले तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. होमपेज उघडलं, चौकटीत आपला नंबर एकेका बोटाने टाकला, आणि स्वतःचं पान मला दाखवलं.

“मला येतं,” त्या म्हणाल्या. “तू ऊठ आता, त्या पलीकडच्या बाईंना बघ.”